नाल्याकाठचे घर, पाऊस आणि भरती

प्रश्न : मुंबईतील पोयसर नदीकाठच्या बैठ्या घरात पुराचे पाणी शिरल्यास काय करावे?

उत्तर : उपनगरांतील पोयसर, दहिसर, ओशिवरा, मिठी या नद्या खाडीला मिळतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की निचरा थांबतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा हेच घडले. त्यामुळे पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही पाहावी. पाणी उंबऱ्याला लागण्याआधीच कोरड्या हाताने मेन स्विच आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. कागदपत्रे, औषधे घेऊन उंचावर जावे. पुराच्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजाराचा धोका असतो. ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. मदतीसाठी महापालिकेचा क्रमांक १९१६ आहे.