गॅसचा गीझर बदलताना : वर्षाचा हिशोब आणि हवेचा हिशोब



आपल्या कारखान्याचा बॉयलर हंगामापूर्वी तपासला जातो. त्याच्या तपासणीसाठी १९२३ सालीच देशभराचा कायदा झाला. निरीक्षक येतात, दाब घेऊन बघतात, दाखला देतात, मगच बॉयलर पेटतो. आपल्या न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरला मात्र निरीक्षक नाही आणि दाखलाही नाही. तो एकदा भिंतीला लागला की बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. बंद पडला की दुकानात जायचे आणि जो स्वस्त दिसेल तो उचलून आणायचा, असेच बहुतेक घरी चालते. म्हणून या पाठात आपण दोन हिशोब घालू. एक पैशाचा, दुसरा हवेचा. पहिला चुकला तर चार पैसे जातात. दुसरा चुकला तर माणूस जातो.

१. पाणी तापवायला किती उष्णता लागते?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक उष्मांक, म्हणजे एक किलोकॅलरी लागते. घरात पाच माणसे, माणशी वीस लिटरची बादली, म्हणजे शंभर लिटर पाणी. थंडीत नळाचे पाणी २० अंशांवर असते, अंघोळीला ४५ अंश लागते. फरक २५ अंशांचा. शंभर गुणिले पंचवीस, म्हणजे रोज २५०० उष्मांक. गॅस जाळा, वीज वापरा की लाकूड घाला, हा आकडा बदलत नाही. बदलते ती जळणाची ताकद आणि त्यातले वाया किती जाते ते.

गॅस : एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० उष्मांक असतात. चांगला गीझर त्यातले शंभरात ऐंशी पाण्याला देतो. म्हणजे रोज साधारण २८५ ग्रॅम गॅस. १४.२ किलोची टाकी फक्त अंघोळीला वापरली तर ५० दिवस पुरते.

वीज : एका युनिटमध्ये ८६० उष्मांक. टाकीच्या अंगातून उष्णता निघून जाते ती धरून रोज सव्वातीन युनिट.

बंब : वाळल्या लाकडात किलोला सुमारे ३५०० उष्मांक, पण बंबात त्यातला जेमतेम चौथा हिस्सा पाण्याला मिळतो, बाकी धुराड्यातून वर जातो. म्हणजे रोज तीन किलो लाकूड. तुराट्या, चिपाडे घरची असली तर रोख खर्च नाही, पण गोळा करण्याची मेहनत आणि धूर घरच्या बाईच्या वाट्याला येतो. पाचट मात्र बंबात घालू नका. ते सरीत कुजले तर जमिनीला खत होते.

२. वर्षाचा खर्च कसा काढायचा?

कारखान्याच्या वार्षिक अहवालात घसारा म्हणून एक रक्कम दिसते. यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यावर वाटून दर वर्षाचा हिस्सा खर्चात धरायचा, तो घसारा. घरच्या वस्तूलाही तोच नियम लावा. खालचे भाव आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या गावचा भाव आणि आपल्या पावतीवरचा दर घालून हिशोब पुन्हा मांडावा. वर्षात गरम पाण्याचे दिवस २५० धरले आहेत.

गॅसचा गीझर : समजा यंत्र ६,००० रुपये, नळकाम, गॅसची नळी आणि बसवणावळ ३,०००. एकूण ९,०००. सहा वर्षे चालला तर घसारा १,५००. टाकी ९०० रुपयांना धरली तर रोजचे १८ रुपये, वर्षाचे ४,५००. साफसफाई ५००. एकूण ६,५००.

विजेचा गीझर : समजा यंत्र ८,०००, वायरिंग आणि अर्थिंग २,०००. एकूण १०,०००. आठ वर्षांवर वाटून घसारा १,२५०. युनिट १० रुपयांना धरले तर रोजचे साडेबत्तीस रुपये, वर्षाचे ८,१२५. देखभाल ४००. एकूण ९,७७५.

सौर बंब, शंभर लिटरचा, आत विजेची कॉइल असलेला : समजा यंत्र २४,०००, नळकाम आणि बैठक ६,०००. एकूण ३०,०००. पंधरा वर्षांवर वाटून घसारा २,०००. ढगाळ हवेचे ५० दिवस विजेवर, १,६२५. क्षार काढण्याचे ५००. एकूण ४,१२५.

येथे एक बारीक गोष्ट. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत चढा, त्यापुढे आणखी चढा. गीझरचे युनिट हे आधीच्या वापरावर चढलेले युनिट असतात, म्हणून त्यांना बिलातला सरासरी दर लावायचा नाही, वरच्या टप्प्याचा लावायचा.

३. मग सगळ्यांनी सौर बंबच घ्यावा काय?

घाई करू नका. गॅसपेक्षा सौर बंबाला आधी २१,००० रुपये जास्त घालावे लागतात आणि वर्षाला २,३७५ वाचतात. ते २१,००० शेकडा ११ दराने कर्जाऊ आणले तर पहिल्याच वर्षाचे व्याज २,३१० होते. म्हणजे वाचवले ते सगळे व्याजातच गेले. विजेशी तुलना केली तर चित्र वेगळे दिसते. जास्तीचे २०,०००, त्यावर व्याज २,२००, आणि बचत ५,६५०. व्याज देऊनही हातात ३,४५० उरतात.

तेव्हा सरळ नियम असा. घरात विजेचा गीझर असेल तर सौर बंबाकडे जाणे कर्ज काढूनही परवडू शकते. गॅसचा असेल तर उसाच्या बिलाची रक्कम हाती असताना, कर्ज न काढता परवडते. छतावर दिवसभर ऊन पडत नसेल तर दोन्ही वेळा नाही. आणखी एक खुलासा : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सौर बंबाचा तिच्याशी संबंध नाही. विक्रेता दोन्हींची सरमिसळ करीत असेल तर सावध राहा.

४. दुरुस्ती की नवा?

ठिणगी पडत नसेल तर आधी सेल बदला. पाणी सोडूनही पेटत नसेल तर जाळी आणि पडदा तपासून घ्या. ही कामे थोडक्यात होतात, नवा घेण्याची गरज नाही. ज्योत निळी न राहता पिवळी झाली, काजळी धरू लागली तर बर्नर साफ करून मिळेपर्यंत गीझर वापरू नये. तांब्याची कॉइल फुटली, किंवा ज्योत विझली तरी गॅस आपोआप बंद होत नाही, असे झाले तर मात्र डागडुजी नको, नवाच घ्या. नव्यावर आय.एस.आय. शिक्का बघून घ्या.

बोअरच्या क्षारपड पाण्याने कॉइलवर थर बसतो. ठिबकच्या नळ्यांना आपण ॲसिडची ट्रीटमेंट देतो ती याच कारणाने. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरत असेल तर गीझरही वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा. सौर बंब घेतानाही विक्रेत्याला पाणी क्षाराचे आहे हे आधी सांगावे.

५. हवेचा हिशोब

आता मुख्य गोष्ट. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. पाच फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते पावणेसात घनमीटर. दार-खिडकी बंद करून पाच जणांच्या अंघोळी लागोपाठ झाल्या तर गीझर सतरा मिनिटे जळतो आणि त्या खोलीतल्या निम्म्या हवेएवढी हवा त्याला लागते. अंघोळ करणारा माणूसही त्याच हवेत श्वास घेत असतो.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. टाकीच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. या विषाला तो वास नसतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पायातले बळ जाते आणि कडी काढायच्या आत माणूस खाली बसतो. न्हाणीघरात माणूस गेला की लोक हार्टचा झटका म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा कारण भिंतीवरच टांगलेले असते.

म्हणून नवा गीझर बसवताना तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवर बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्या. चार-पाच फूट जास्त नळी लागेल, एवढाच खर्च. टाकी उभी ठेवा, खड्ड्यात किंवा तळघरात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. गीझर सध्या आतच असेल तर बाहेर हलवेपर्यंत बादली भरा, गीझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मग अंघोळीला बसा. झरोका कायम उघडा असला पाहिजे. थंडी लागते म्हणून त्यात बोळा कोंबू नका.

कोणी आत पडलेले दिसले तर आधी दार सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. गॅसची गळती झाली तर १९०६ या क्रमांकावर कळवा.

हा पाठ घरात मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती. हिशोब घरधन्याने घालायचा असला तरी गीझर पेटवतात सुना, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांना सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही.