कुलूप हँडसेटला, किल्ली सिमकार्डात

कराडच्या एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि रिचार्जचं दुकान आहे. टॉर्चवाल्या नोकिया ११०० पासून आजच्या स्मार्टफोनपर्यंत सगळ्या पिढ्या या टेबलावर उघडल्या गेल्या. बटणांचे फोन आजही येतात. ते वापरणाऱ्यांत एक समजूत पक्की असते की फोनमध्ये इंटरनेटच नाही, तर पैसे जातील कसे? ही समजूत केवढ्याला पडते, ते एका ओळखीच्या शेतकरी काकांच्या बाबतीत मी जवळून पाहिलं.

नोटाबंदीनंतरचे दिवस होते. काकांना त्यांच्या मुलाने इंटरनेटशिवाय *९९# डायल करून पैसे पाठवायला शिकवलं होतं. उसाचं बिल नुकतंच खात्यावर जमा झालं होतं. बाजाराच्या दिवशी एसटीत चढताना गर्दीत त्यांचा फोन गेला. फोन चामड्याच्या पाकिटात होता आणि त्याच पाकिटाच्या कप्प्यात एटीएम कार्ड. ते माझ्याकडे आले ते नवा हँडसेट घ्यायला. चेहऱ्यावर हळहळ होती, पण काळजी नव्हती. “फोनला कोड घातलाय रे, कुणाला उघडायचा नाही,” म्हणाले. मी म्हटलं, “काका, हँडसेट मागाहून बघू, आधी सिम बंद करू.” कस्टमर केअरला माहिती देऊन सिम बंद होईपर्यंत बराच वेळ गेला. पासबुक भरून आणलं तेव्हा त्यात पाच हजारांच्या आतल्या नोंदी ओळीने छापलेल्या होत्या.

फोनचा कोड कुणी तोडलाच नव्हता. सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की त्या कोडचा संबंधच संपतो. मोबाइल नंबर खात्याला जोडलेला, नंबर सिमवर, ओटीपी येणार तोही त्याच नंबरावर. कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि त्यावरची मुदत टाकून *९९# वर लागणारा यूपीआय पिन नव्याने तयार करता येतो. जुना पिन माहीत असायची गरज पडत नाही. सिम आणि कार्ड एकाच पाकिटात ठेवणं म्हणजे अनोळखी माणसाला हे सगळं एकदम देणं.

हा कच्चा दुवा नवा नाही. मोबाइल बँकिंगचे पहिले नियम रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये काढले, तेव्हा व्यवहाराची माहिती संपूर्ण वाटेवर सांकेतिक रूपात जावी अशी अट होती. साध्या एसएमएसमध्ये ती सोय नाही. २००९ च्या अखेरीस एक हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना या अटीतून सूट मिळाली आणि २०११ मध्ये ही मर्यादा पाच हजार झाली. जोखीम ओळखूनच रक्कम लहान ठेवली होती, असं मी मानतो. २०१० च्या नोव्हेंबरात आयएमपीएस ही झटपट पैसे पाठवायची सेवा सुरू झाली. एसएमएसने पैसे पाठवायचे तर समोरच्याचा नंबर, त्याला बँकेने दिलेला सात आकडी एमएमआयडी, रक्कम आणि आपला मोबाइल बँकिंगचा पिन म्हणजे एमपिन एकाच मेसेजमध्ये लिहायचा. मेसेज पोचला तरी त्याची प्रत ‘सेंट’च्या फोल्डरमध्ये पडून राही. दुरुस्तीला आलेल्या फोनमध्ये असे मेसेज मी पाहिले आहेत आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून पुसायला लावले आहेत. ‘एटीएम’ नावाने कॉन्टॅक्टमध्ये पिन ठेवणारेही बरेच. हे कॉन्टॅक्ट सिमवर साठवलेले असतील तर सिमबरोबर तेही गेले.

चोरलेलं सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये वापरलं जाण्यावर उपाय पहिल्यापासून प्रत्येक जीएसएम फोनमध्ये आहे, पण आपल्याकडे तो बहुतेकांनी कधी चालूच केला नाही. सिमला स्वतःचा पिन असतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन ‘पिन कोड रिक्वेस्ट’ चालू केलं की फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम दुसरीकडे घातल्यावर तो विचारला जातो. सुरुवातीचा पिन अंदाजाने टाकू नका, कंपनीकडून विचारून घ्या. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि आठ आकडी पीयूके लागतो. तोही दहादा चुकला तर सिम कायमचं निकामी होतं. हँडसेटचा कोडही बदला. जुन्या नोकियात तो १२३४५ असायचा, हे चोरांनाही ठाऊक आहे. मात्र फोन चालू स्थितीत चोराच्या हाती लागला, तर सिमचा पिन त्याला अडवत नाही. म्हणून फोन गेल्यावर हातपाय हलवण्याचा वेगच कामाला येतो.

क्रम असा ठेवा: दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा, लगेच बँकेला फोन करून खातं आणि कार्ड रोखायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पोलिसांत तक्रार नोंदवली की संचार साथी या सरकारी पोर्टलवर हँडसेटही बंद करता येतो, त्याला आयएमईआय लागतो. बँकेशी बोलल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार हयगय आपली असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. काकांचे व्यवहार कळवण्याआधीचे होते. त्यांना पैसे परत मिळाले नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन आज संध्याकाळी हातात घ्या. *#०६# डायल करून येणारा पंधरा आकडी आयएमईआय नंबर वहीत उतरवा, सिमचा पिन लावून त्यांच्याकडून दोनदा टाकून घ्या आणि फोनच्या पाकिटातलं एटीएम कार्ड काढून दुसरीकडे ठेवा.