बिअरचा खरा भाव

शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही वाइन शॉपच्या जाळीपाशी पाच मिनिटे उभे राहा. एकच मागणी पुन्हा पुन्हा कानावर येते, ‘एक स्ट्राँग द्या, थंड.’ ब्रँडचे नाव नंतर येते, कधी येतही नाही. साध्या बाटलीपेक्षा दहा-वीस रुपये जास्त पडतात, पण लवकर चढते, म्हणजे पैसे वसूल, असा त्यामागचा हिशेब असतो. तो कुठे फसतो ते रुपयांतच दाखवता येते.

लेबलवरची बारीक अक्षरे वाचा. माइल्ड बिअरमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत असते, स्ट्राँगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत. ६५० मिलीच्या बाटलीत पाच टक्क्यांनी साडेबत्तीस मिली शुद्ध अल्कोहोल भरते, आठ टक्क्यांनी ५२ मिली. आता रमचा ६० मिलीचा लार्ज पेग घ्या. आपल्याकडची रम-व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे एका लार्जमध्ये साधारण २६ मिली, दोन लार्जमध्ये ५२. ‘मी काय, एकच बिअर घेतली’ असे घरी सांगणाऱ्याने स्ट्राँगची बाटली संपवली असेल, तर त्याने रमचे दोन लार्ज पोटात घातलेले असतात.

वजनात हे अल्कोहोल ४१ ग्रॅम होते. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकाली काढते. लिंबू पिळले, काळी कॉफी घेतली, डोक्यावर पाणी ओतले, तरी हा वेग वाढत नाही. रात्री आठला सुरू केलेल्या दोन स्ट्राँग बाटल्या निकालात निघायला पहाटेचे चार वाजतात, कुणाच्या बाबतीत सकाळचे आठ. त्यामुळे सकाळी स्कूटर काढून कामावर निघालेला माणूस आपल्याला वाटते तितका शुद्धीवर नसतो.

दुकानात माइल्डची मोठी बाटली साधारण १७० ते २०० रुपयांना मिळते, स्ट्राँग त्याहून थोडी वर. अल्कोहोलच्या ग्रॅममागे भाव काढला तर स्ट्राँग स्वस्त पडते, हे मान्य. पण महिना २० हजार पगार आणि २६ दिवस काम धरले, तर डोके धरून घरी काढलेला एक दिवस ७७० रुपयांचा होतो. तो बाटलीच्या किमतीत कुणी धरत नाही. धरला पाहिजे.

दुकानात पैसे देताना छापील किमतीवर लक्ष ठेवा. ‘थंड करण्याचे’ म्हणून वर पाच-दहा रुपये घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. ती बेकायदा आहे. दुकानदाराला एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, आणि याची तक्रार वैधमापन विभागाकडे किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करता येते. परमिट रूमची गोष्ट वेगळी. तिथे बसायची जागा, वाढणारा माणूस, पंखा-एसी हे सारे दिले जाते, म्हणून हॉटेलांना एमआरपीचे बंधन लागू नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणूनच दुकानातली पावणेदोनशेची बाटली टेबलावर तीनशेच्या घरात जाते.

चवीसाठी प्यायची तर

स्ट्राँग मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना बिअरला वेगवेगळ्या चवी असतात हे कुणी दाखवलेलेच नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि जागेवर बनवलेली ताजी बिअर सामान्य ग्राहकाला मिळू लागली. आज पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरी शोधावी लागत नाही.

तिथे पहिल्यांदा जात असाल तर पूर्ण ग्लास मागवू नका, सॅम्पलर मागवा. लाकडी फळीवर चार-सहा छोटे ग्लास येतात, प्रत्येकात साधारण १०० मिली. चारशे-पाचशे रुपयांत तिथल्या सगळ्या बिअर कळतात. पूर्ण ग्लास ३३० मिलीचा असेल तर अडीचशे ते साडेतीनशे रुपये धरून चाला.

आपण आजवर प्यायलो ती बहुतेक लागर. तिचे यीस्ट थंडीत, सावकाश काम करते, म्हणून चव स्वच्छ, हलकी येते. सोनेरी पिल्सनर हा तिचाच प्रकार, १८४२ मध्ये आजच्या चेकियातल्या पिल्झेन शहरात जन्मलेला. बिअरचा दुसरा मोठा प्रकार म्हणजे एल. तिचे यीस्ट उबेत काम करते आणि जाता जाता फळांचे, मसाल्यांचे वास सोडते.

सुरुवात कुठून करावी असे मला विचाराल तर मी गव्हाच्या बिअरवर बोट ठेवीन. जर्मन पद्धतीच्या हेफेवाइझेनचा ग्लास नाकाशी नेला की पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे नसते, लवंगही नसते. हे सारे यीस्टचे देणे. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात, आणि धण्याशी तर आपली जुनी ओळख. कांदाभजी, तळलेली कोळंबी, कोथिंबीरवडी यांच्याबरोबर ही बिअर इतकी जमते की ती आपल्याच ताटासाठी केली असावी असे वाटते. कडूपणा नावापुरता, जडपणा नाही.

आयपीएचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातला ‘आय’ म्हणजे इंडिया. इंग्रजांच्या काळात जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करून हिंदुस्थानात येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स नावाची कडवट फुले जास्त घालत, कारण हॉप्स बिअर टिकवतात. त्यामुळे ती कडू, आणि वास संत्र्या-मोसंबीचा, कधी आंब्याचा. कोल्हापुरी रश्श्याबरोबर मात्र घेऊ नका. कडूपणा आणि अल्कोहोल मिळून तिखटाची आग वाढवतात. झणझणीत जेवणाला साधी लागर किंवा गव्हाची बिअर बरी.

काळी स्टाउट पाहून लोक दचकतात. रंग काळा म्हणजे कडक, हा समज खोटा आहे. तो रंग भाजलेल्या बार्लीचा. आयर्लंडची जगप्रसिद्ध गिनेस ४.२ टक्क्यांची, म्हणजे आपल्या स्ट्राँगच्या जवळजवळ निम्मी. कॉफी आणि कडू चॉकलेटची आठवण देणारी ही बिअर फार थंड नको. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे ठेवा, मग चव उघडते. बर्फगार बिअरची चवच लागत नाही, आणि स्ट्राँगला लोक बर्फगार करून पितात त्याचे कारणही तेच.

घरी आणायची तर भरल्याची तारीख पाहा. बिअर मुरत ठेवायची वस्तू नाही, आयपीए तर नाहीच, जितकी ताजी तितकी चांगली. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत ऊन शिरते आणि बिअरला उग्र वास येतो. तपकिरी बाटली त्यापेक्षा बरी, कॅन सर्वांत बरा. आणि बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरून ‘ग्लिसरीन काढणे’ आता थांबवावे. बाटलीतून खाली उतरताना दिसते ती पाण्यापेक्षा जड असलेली बिअरच. आंबताना थोडे ग्लिसरीन प्रत्येक बिअरमध्ये तयार होते, त्याने डोके दुखत नाही. उलटी धरून तुम्ही फक्त विकत घेतलेली बिअर ओतून देता.

बिल आणि संध्याकाळ

मद्य जीएसटीत येत नाही. महाराष्ट्रात परमिट रूममधल्या मद्यावर १० टक्के व्हॅट लागतो, खाण्यावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी. सेवा शुल्क ही तिसरी ओळ कराची नाही. ते देणे ऐच्छिक आहे असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम केले. नको असेल तर शांतपणे काढून टाकायला सांगा. नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता दोन संध्याकाळी शेजारी मांडू. परमिट रूममध्ये दोन स्ट्राँग बाटल्यांचे सहाशे, व्हॅट धरून ६६०, आणि पोटात ८२ ग्रॅम अल्कोहोल. मायक्रोब्रुअरीत चार ग्लासांचे सॅम्पलर साडेचारशेला, त्यातले आवडलेले एक तीनशेला, व्हॅट धरून ८२५, आणि अल्कोहोल तीसेक ग्रॅम. फरक १६५ रुपयांचा. दुसऱ्या सकाळी कामावर जाता येते, हे त्या १६५ रुपयांत आले. मला दुसरी संध्याकाळ स्वस्त वाटते.

दोन्हींत घरी पोचायचे भाडे मात्र आधीच बाजूला काढा. रात्री आठ-दहा किलोमीटरला कॅबचे अडीचशे-चारशे होतात. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागते आणि पिण्याचा परवानाही. तो एका दिवसाचा पाच रुपयांना, आजन्म एक हजाराला. गोव्यात वय १८ आहे, पण गाडी चालवण्याचा कायदा तिथेही हाच.

दुसऱ्या सकाळचा खर्च

हँगओव्हर सुरू होतो तो रक्तातले अल्कोहोल उतरत शून्याकडे येते तेव्हा. लघवी जास्त होऊन शरीरातले पाणी गेलेले असते, जठराला सूज असते, झोप मोडकी झालेली असते. त्यावर औषध नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली उपायांच्या चाचण्यांचा आढावा छापून आला, पटण्याजोगा पुरावा एकाचाही सापडला नाही. तरी शे-दोनशे रुपयांच्या ‘अँटी-हँगओव्हर’ बाटल्या विकल्या जातात. घेऊ नका.

ओआरएसचे पाकीट वीस-पंचवीस रुपयांना मिळते, एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट घ्या. टेट्रापॅकमधले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, नारळपाणी, तांदळाची पेज, मेतकूट-मऊभात यांनी पोट शांत होते, म्हणून ते खावे, उतारा म्हणून नव्हे. सकाळी पुन्हा घोटभर घेऊन ‘उतारा’ करणे म्हणजे तेच दुखणे संध्याकाळवर ढकलणे. आणि पॅरासिटामोल जपून. अल्कोहोल झेलून थकलेल्या यकृतावर त्याचा भार पडतो. आयब्युप्रोफेनने जठराची जळजळ वाढते. आधीच्या रात्री रिकाम्या पोटी न बसणे आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, हे फुकट आहे आणि या सगळ्यांपेक्षा उपयोगी आहे.

सुरक्षित असे अल्कोहोलचे कुठलेच प्रमाण नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. गरोदर बाई, यकृताचे रुग्ण, मेट्रोनिडाझोलसारखी औषधे चालू असलेले, यांच्यासाठी हा लेख नाही, त्यांनी अजिबात घेऊ नये.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सोबतचा माणूस हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास फार मंद किंवा अडखळत असेल, अंग गार पडून ओठ निळसर झाले असतील, झोपेतच उलट्या होत असतील, तर तो हँगओव्हर नव्हे, अल्कोहोलची विषबाधा आहे. त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. लगेच १०८ फिरवा. त्या रुग्णवाहिकेला एक रुपयाही लागत नाही.