भाषणातील आत्मविश्वास आणि वक्त्याची स्वतःची भाषा

वक्तृत्वाविषयीच्या पुस्तकांत आवाज, नजर, हातवारे यांविषयी पुष्कळ सूचना असतात. त्या निरुपयोगी नाहीत. परंतु बहुभाषिक शहरातील प्रौढ वक्त्याची अडचण त्याआधीच सुरू होते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नित्य कानी पडतात. शुक्रवार पेठेत गिऱ्हाइकागणिक भाषा बदलून सहज व्यवहार करणारा मनुष्य शाळेच्या पालकसभेत दोन वाक्ये बोलायला कचरतो. त्याच्यापाशी विचार नसतो असे नव्हे. ‘आपली मराठी अशुद्ध आहे, लोक हसतील’ ही धास्ती त्याला बसवून ठेवते आणि त्याच्या मुलाविषयीचा निर्णय इतरच घेतात.

या धास्तीत दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली असते. पहिली व्याकरणाची. मराठीत आपण ‘मोठा दगड’, ‘मोठी भिंत’, ‘मोठे झाड’ म्हणतो. कन्नड व तेलुगूत निर्जीव वस्तूंमध्ये असा पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा भेद नाही. त्यामुळे या भाषा घरी बोलणाऱ्याचे येथे अडखळणे स्वाभाविक आहे. त्यावर सराव हाच उपाय : भाषणात येणारी नामे विशेषणासह मोठ्याने म्हणून ठेवावीत. एका भाषणात अशी नामे फार नसतात.

दुसरी गोष्ट बोलीची. ‘काय करलालास?’ हे सोलापुरी रूप ‘करायला लागला आहेस’ याचे आकुंचन आहे. ते नियमबद्ध आहे. त्यास अशुद्ध म्हणण्यास भाषाविज्ञानात आधार नाही. ते कोठे वापरावे, हा केवळ प्रसंगौचित्याचा प्रश्न आहे. घरच्या उच्चारांची लकब तर प्रमाण मराठी बोलतानाही लपविण्याचे कारण नाही. ती लपविण्यासाठी वक्ता परका सूर उसना घेतो, तेव्हा त्याचे अवधान प्रत्येक शब्दावर पहारा करण्यात खर्च होते व मुद्दा हातून निसटतो. श्रोत्यांना हे चटकन जाणवते.

गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) उदाहरण पाहा. विदर्भात जन्मलेले बाबा पंढरपुरातही आपल्या वऱ्हाडी वळणानेच कीर्तन करीत. ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवीत. ही पद्धत नवख्या वक्त्याला विशेष उपयोगी आहे, कारण प्रश्न विचारताच बोलण्याचा भार सभेवरही पडतो. मात्र यावरून बोली म्हणजेच अस्सलपणा असे समजू नये. सोलापूरचे समीक्षक व वक्ते डॉ. निर्मलकुमार फडकुले (१९२८-२००६) यांचे वडील जिनदासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या मुखी संस्कृतप्रचुर मराठी उसनी वाटत नाही. तीच शब्दकळा दुसऱ्याने पाठ करून म्हटली, तर ती पाठांतरच वाटेल. (स्नेहसंमेलनांतील स्पर्धांत हा अनुभव वारंवार येतो!)

स्वयंअध्ययनासाठी : आपल्या वस्तीतील पाणी, कचरा किंवा विडी कामगारांची मजुरी यांपैकी एक विषय घ्या. तो प्रथम घरातील व्यक्तीला, घरी बोलता त्या भाषेत, तीन मिनिटांत सांगा व भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करा. मग तोच विषय सभेसाठी प्रमाण मराठीत सांगा. दोन्ही मुद्रणे ऐकून पहिल्यातील कोणता दाखला दुसऱ्यातून गळाला, याची नोंद करा. तो दाखला परत घालून तिसऱ्यांदा बोला.