छावणीतल्या साहेबाचे कपाट

कुरुंद्याच्या आमच्या माळवदी घरात जे खणांचे कपाट मी 2019 च्या वैशाखात मोठ्या समारंभाने आणून ठेवले, त्याची कैफियत एकदा लिहून काढावी असे बरेच दिवस मनात होते. कारण जुने लाकूडसामान घरात मिरविण्याची हौस आता आमच्यासारख्या आडवळणाच्या गावांतही शिरली आहे, आणि या हौसेची जी फी मी भरली ती इतरांनी पुन्हा भरावी असे काही कारण नाही.

नांदेडास एका जुन्या सामानाच्या दुकानात ते उभे होते. छातीएवढी उंची, पाच खण, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, मुठी लाकडात खोल बसविलेल्या आणि बरोबर मध्यावर एक आडवी फट. दुकानदार त्याला मोठ्या ऐटीत ‘कमोड’ म्हणत होता आणि तो शब्द ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी हसू दाबण्यासाठी पदर तोंडाला लावला होता. वास्तविक त्याचा शब्द चुकीचा नव्हता. फ्रेंच भाषेत ‘सोयीचे’ या अर्थाच्या विशेषणावरून बुटक्या खणांच्या कपाटाला हे नाव पडले. चौदाव्या लुईच्या त्रियानों प्रासादासाठी आंद्रे-शार्ल बूल या कारागिराने 1708 च्या सुमारास घडविलेली अशी जोडी प्रसिद्ध आहे. पुढे शौचपात्र झाकून ठेवणाऱ्या खुर्चीलाही इंग्रजांनी तेच नाव दिले आणि आपल्यापर्यंत तेवढाच एक अर्थ येऊन पोहोचला.

“हिंगोलीकडचा माल आहे, गुरुजी,” इतकेच दुकानदार म्हणाला. बाकीचे सर्व मीच त्याला सांगितले. निजामाच्या पैशावर पोसलेल्या परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी हिंगोलीस होती व ती 1903 पर्यंत टिकली. मुक्कामामागून मुक्काम करणाऱ्या या अंमलदारांसाठी सागवानाची अशी कपाटे घडविली जात की, ती मध्यावर दोन तुकड्यांत सुटी करून जनावरांच्या पाठीवर वा गाडीत लादता यावीत. पाय फिरवून काढता यावेत, मुठी कशात अडकू नयेत म्हणून त्या लाकडातच बुडविलेल्या असाव्यात, आणि कोपरे आपटून फुटू नयेत म्हणून त्यांवर पितळ असावे. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविलेल्या माणसाला असा श्रोता मिळाल्यावर भान कोठून राहणार? दुकानदार फक्त मान डोलवीत होता. बोलता बोलता मी एका अनामिक कप्तानाला त्या कपाटासमोर उभे करून दाढी करावयास लावले, आणि खिशातून पाच हजारांचा बयाणा काढून दिला. एकंदर किंमत अडतीस हजार. पावतीचा विषय काढला तेव्हा “तुमच्या-आमच्यात कागद कशाला?” असे उत्तर आले, आणि आजोबा पटवारी असलेल्या घराण्यातला मी, कागदावाचून व्यवहार न करण्याचा पिढीजात शिरस्ता मोडून, गप्प बसलो.

पुढची तीन वर्षे मात्र सुखाची गेली. ढाळजेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कप्तानाची हकीकत ऐकावी लागे. आजोबांचा दप्तराचा पेटारा, जो तोवर ढाळजेची शोभा होता, तो या साहेबासाठी जागा करून देऊन मागच्या खोलीत हळदीच्या पोत्यांशेजारी गेला.

2022 च्या जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना त्याचे वर्णन नको. आमच्या ढाळजेत ते मांडीपर्यंत चढले आणि ओसरल्यावर वीतभर गाळ मागे राहिला. चौथ्या दिवशी कपाटाच्या खालच्या दोन खणांचे दर्शनी भाग भिजलेल्या पापडासारखे फुगले. सहाव्या दिवशी त्यांचे पापुद्रे सुटून आतून प्लायवूड डोकावू लागले. गावातल्या सुतारकाकांना बोलावले. त्यांनी नखाने एक पापुद्रा उचलला, उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, हे सागवान न्हाई. हे सागवानाचं पांघरूण हाय.” मग त्यांनी मध्यावरच्या त्या आडव्या फटीत पटाशी घातली. फट अर्ध्या बोटापेक्षा खोल नव्हती. ते कपाट दोन तुकड्यांत कधी सुटणारच नव्हते; तुकडे असल्याचा देखावा करणारी ती नुसती करवतीची रेघ होती, आणि ती ओढून पाहण्याचे तीन वर्षांत मला एकदाही सुचले नव्हते.

तेव्हापासून काकांच्या सोबत बसून मी जे शिकलो त्यातले बहुतेक सर्व एका कृतीत सामावते: दुकानात गेल्यावर कपाटाच्या तोंडाकडे न पाहता त्याचा एक खण, शक्यतो सर्वांत खालचा, पूर्ण बाहेर काढावा आणि उपडा करावा. मालकाला ते रुचणार नाही. त्याच्या मुद्रेवरूनही पुष्कळ कळते. ज्या कडांवर खण सरकतो त्या, पन्नास-साठ वर्षे खरोखर वापर झाला असेल तर, झिजून किंचित वाकलेल्या असतात, आणि कपाटाच्या आतल्या पट्ट्यांवर त्याच झिजेची जोडीदार खूण सापडते. एकीकडे झीज आणि दुसरीकडे कोरी पट्टी असेल तर खण दुसऱ्याच कपाटाचा समजावा. दर्शनी फळी बाजूच्या फळीला जेथे मिळते तेथे कबुतराच्या पसरट शेपटीसारखे दात एकमेकांत गुंतविलेले असतात. हातकरवतीने कापलेले दात लहानमोठे असतात, जवळ पाहिल्यास आखणीची बारीक रेघही दिसते, यंत्राचे दात मात्र शाळेतल्या कवायतीसारखे एका मापाचे. खणाच्या आतले लाकूड कोणी रंगवीत नाही. ते हवेने आपोआप आणि कमीअधिक काळवंडते. आतही सर्वत्र सारखाच तपकिरी रंग दिसला तर तो वयाने आलेला नसून डब्यातून आलेला आहे. फळीच्या दर्शनी बाजूवरील रेषा कडेवरून वळून पुढे जातात की कडेवर एकाएकी थांबतात, हे पाहिले असते तर पांघरूण मला नांदेडातच दिसले असते.

स्क्रूंवर फार विसंबू नये, कारण दुरुस्तीत ते बदलले जातात. तथापि फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकात प्रचारात आला, एवढे लक्षात ठेवून छावणीतल्या साहेबाच्या कपाटावर त्याचा शोध घ्यावयास हरकत नाही. माझ्या कपाटाच्या पाठीला असे चौदा होते. मुठींच्या मागे बुजविलेली जुनी छिद्रे दिसली तर मुठी बदललेल्या आहेत. तो अपराध नव्हे, परंतु किंमत कमी करण्यास पुरेसे कारण आहे. भुंग्याची छिद्रे जुनी असोत. खाली ताजा पिठासारखा भुसा पडत असेल तर ती वस्तू फुकटही घेऊ नये, कारण ती घरातल्या चौकटीही खाईल. ‘बर्मा टीक’ हा शब्द ऐकताच सावध व्हावे. किनवट-आदिलाबादच्या रानात सागवान असताना जो तो ब्रह्मदेशाचे नाव घेतो. आणि विक्रेता वस्तू शंभर वर्षांहून जुनी असल्याचे छातीठोकपणे सांगत असेल, तर 1972 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा पुरावशेषांच्या व्यापारास परवाना लागतो याची त्याला हसतमुखाने आठवण करून द्यावी आणि वय, लाकूड व दुरुस्त्या नमूद केलेली पावती मागावी. शंभराची बहुधा तेथल्या तेथे साठ होतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर साठ हीच उत्तम. रोजच्या वापरासाठी 1950-60 च्या सुमारास एखाद्या गावच्या मिस्त्रीने घडविलेले अस्सल सागवानी कपाट हे कोणत्याही साहेबाच्या कपाटाहून अधिक उपयोगाचे.

आजोबांचा पेटाराही त्या पुरात भिजला होता. काकांनी सक्त ताकीद दिली की, उन्हात ठेवायचा नाही, फुगलेले झाकण ओढायचे नाही; सावलीत, विटांवर, सर्व बाजूंनी वारा लागेल असा ठेवून वाट पाहायची. पाचव्या आठवड्यात झाकण आपणहून सैल झाले. फळ्या सरळ होत्या, सांधा एकही सुटला नव्हता. आतल्या मोडी दप्तराचा मात्र लगदा झाला होता. ढाळजेतल्या उंच ओट्यावर पेटारा पूर्वीच्या जागी असता तर कदाचित तेही वाचले असते.

दिवाळीच्या सुमारास पूरग्रस्त घरांतून जुने सामान उचलणारा एका व्यापाऱ्याचा माणूस आमच्याकडे आला. कपाट त्याने पाहिले. मी कप्तानाविषयी काही बोलण्यापूर्वीच त्याने खाली बसून सर्वांत खालचा खण बाहेर ओढला, उपडा केला, पुन्हा आत सारला आणि हात झटकीत विचारले, “गुरुजी, मागच्या खोलीतला तो पेटारा द्यायचा आहे का?”