बंदिस्त शेतीतील कृत्रिम प्रकाश : ऊर्जा-कार्यक्षमतेचा हिशेब

शेतीच्या सर्व निविष्ठांमध्ये सूर्यप्रकाश ही एकच अशी आहे, की जिचे बिल शेतकऱ्याला येत नाही. ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, काही हरितगृहे आणि अलीकडील बहुमजली बंदिस्त शेती यांना मात्र हा प्रकाश पूर्णतः वा अंशतः विजेपासून मिळवावा लागतो. तेथे प्रकाशही खते आणि मजुरीप्रमाणे खर्चाच्या रकान्यात येतो. कोणता दिवा कमी विजेत रोपाला अधिक प्रकाश देतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

मापदंडाचा प्रश्न

घरगुती दिव्याची कार्यक्षमता प्रतिवॅट ल्यूमेनमध्ये मोजली जाते. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एलईडी दिव्यांवरील तारांकित पट्टीही याच मापावर आधारलेली आहे. परंतु ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. या तरंगलांबीचा एक वॅट प्रकाश म्हणजे ६८३ ल्यूमेन, तर ६६० नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशाचा एक वॅट म्हणजे जेमतेम ४२ ल्यूमेन. प्रकाशसंश्लेषणासाठी मात्र हाच लाल प्रकाश अत्यंत उपयुक्त असतो. म्हणजेच रोपासाठी उत्तम असलेला दिवा ल्यूमेनच्या परीक्षेत नापास होऊ शकतो.

प्रकाशसंश्लेषण मुख्यतः पानावर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या, म्हणजे फोटॉनच्या, संख्येवर अवलंबून असते. म्हणून ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील किती मायक्रोमोल फोटॉन एक ज्यूल विजेतून मिळतात, हे वनस्पतींच्या दिव्याचे योग्य माप होय. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्यामुळे १ मायक्रोमोल प्रतिज्यूल कार्यक्षमतेचा दिवा एका युनिटमध्ये ३.६ मोल फोटॉन देतो. पुढील सर्व गणित या एका आकड्यावर चालते.

दिव्यांची तुलना

तंतूच्या जुन्या बल्बची कार्यक्षमता सुमारे ०.३, फ्लुरोसंट नळीची ०.८ ते ०.९, जुन्या पद्धतीच्या उच्चदाब सोडियम दिव्याची सुमारे १ आणि सुधारित सोडियम दिव्याची १.७ मायक्रोमोल प्रतिज्यूल आहे. प्रतिवॅट १०० ल्यूमेन देणारी साधी पांढरी एलईडी नळी १.४ च्या आसपास असते. खास वनस्पतींसाठी बनविलेले चांगले एलईडी दिवे आज २.५ ते ३.५ पर्यंत पोहोचले आहेत. ६६० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा लक्षात घेता अशा लाल प्रकाशासाठी भौतिकशास्त्राने घातलेली कमाल मर्यादा सुमारे ५.५ आहे. सुधारणेला अजून वाव आहे, पण तो अमर्याद नाही.

एलईडी नेहमीच सरस होता, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाच्या नेल्सन व बगबी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वोत्तम एलईडीची कार्यक्षमता १.६६, तर सर्वोत्तम सोडियम दिव्याची १.७० आढळली. दोन्ही जवळपास सारखेच. परंतु तेवढ्याच फोटॉनसाठी एलईडीची भांडवली किंमत ५ ते १० पट होती. त्या वर्षी सोडियम दिवा निवडणारा उत्पादक व्यवहारचतुरच होता. पुढील दशकात एलईडीची कार्यक्षमता वाढली आणि किमती उतरल्या, तेव्हा निष्कर्ष पालटला. तंत्रज्ञानाच्या तुलनेचा निष्कर्ष वाचताना तो कोणत्या वर्षाचा आहे, हे प्रथम पाहावे.

लेट्यूससारख्या पालेभाजीला दररोज प्रतिचौरस मीटर सुमारे १४ मोल फोटॉन पुरतात. १ कार्यक्षमतेच्या दिव्याला यासाठी ३.९ युनिट लागतात, २.८ च्या एलईडीला १.४ युनिट. दर ८ रुपये धरल्यास रोजचा खर्च ३१ रुपयांवरून ११ रुपयांवर येतो. महाग विकल्या जाणाऱ्या भाजीला हा फरक तारू शकतो. गव्हाचे काय? एका मोल फोटॉनमागे १ ग्रॅम शुष्क पदार्थ आणि त्यातील निम्मे धान्य, असे उदार गृहीत धरले तरी एक किलो गव्हाला २,००० मोल, म्हणजे २.८ च्या दिव्यावर सुमारे २०० युनिट वीज लागेल. केवळ प्रकाशाचे बिल १,६०० रुपये झाले. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४२५ रुपये, म्हणजे किलोला सुमारे २४ रुपये होती. बंदिस्त शेतीतून देशाची अन्नसुरक्षा साधण्याच्या उत्साही कल्पना या एका भागाकारापुढे टिकत नाहीत.

उष्णता, वापराचे तास आणि विजेचा दर

दिव्याने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस खोलीत उष्णतेच्या रूपाने उतरते. नेदरलँड्समधील हरितगृहांना हिवाळ्यात ही उष्णता उपयोगी पडते. भारतातील बहुतेक भागांत मात्र ती वातानुकूलन यंत्राने बाहेर काढावी लागते, आणि तीन युनिट उष्णतेमागे साधारण एक युनिट वीज खर्च होते. त्यामुळे दिव्यात वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे आपल्याकडे आणखी एकतृतीयांश युनिट वाचते.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत दिवे बहुधा रोज १६ तास, म्हणजे वर्षाला ५,८४० तास चालतात. जुन्या चोकसह सुमारे ४८ वॅट घेणाऱ्या नळीऐवजी २० वॅटची एलईडी नळी बसविल्यास वर्षाला १६४ युनिट वाचतात. शीतकरण धरून बचत २१८ युनिट, म्हणजे सुमारे १,७५० रुपये होते. नळीची किंमत काही महिन्यांतच वसूल होते. येथे अनुदानाची आवश्यकता नाही.

शेवंतीची गोष्ट निराळी आहे. रात्र लांबली की तिला कळ्या धरतात, म्हणून दांडा पुरेसा वाढेपर्यंत मध्यरात्री काही तास दिवे लावून रात्र ‘तोडली’ जाते. हा प्रकाश अन्ननिर्मितीसाठी नसून फायटोक्रोम या रंगद्रव्याला दिलेला संकेत असतो. अगदी मंद प्रकाश पुरतो, पण त्यात लाल घटक हवा. १०० वॅटच्या बल्बऐवजी १० वॅटचा योग्य एलईडी चार तास, ३० रात्री वापरल्यास वाचतात अवघी १०.८ युनिट, म्हणजे ८६ रुपये. शिवाय ज्या ठिकाणी दिव्यांची माळ मोफत विजेच्या कृषिपंपाच्या जोडणीवरच चालते, तेथे शेतकऱ्याच्या खिशात ही बचत शून्यच असते. वीज कंपनीला मात्र ते प्रत्येक युनिट विकत घ्यावे लागते आणि त्यामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खासगी लाभ व सामाजिक लाभ यांतील ही तफावत दिव्याच्या कार्यक्षमतेने भरून निघत नाही. अशा शेतावर जुना बल्ब बदलला जातो तो बहुधा वारंवार उडतो म्हणून.