शेतीपंपाचा ऑटो स्विच : सोय किती, धोका किती?

नांदेड, लातूर जिल्ह्यांत रब्बीचा हरभरा असो, अर्धापूर भागातील केळी-हळद असो की लातूरकडील ऊस, पाण्याची पाळी विजेच्या वेळापत्रकावर ठरते. शेतीपंपासाठी थ्री फेज वीज ठराविक तासच आणि अनेक ठिकाणी पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळत आली आहे. मध्यरात्री थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत विहिरीवर जावे लागते. म्हणून अनेक शेतकरी बंधू स्टार्टरला ऑटो स्विच जोडतात. ही गरज खरी आहे. मात्र या सोयीची किंमत कधी कधी सगळ्या शिवाराला मोजावी लागते. ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरण वारंवार करते, ते याच कारणाने.

रोहित्र का जळते?

साध्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते आणि हिरवे बटन दाबल्याशिवाय पंप पुन्हा सुरू होत नाही. ऑटो स्विच हे काम माणसाची वाट न पाहता करतो.

५ अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते. थेट सुरू होताना मात्र काही क्षण त्याच्या सुमारे सहापट, म्हणजे ४० अँपिअरच्या आसपास प्रवाह मागते. ६३ केव्हीए रोहित्राची, म्हणजे आपल्या डीपीची, क्षमता सुमारे ८४ अँपिअर असते. एकामागून एक सुरू केल्यास त्यावर असे दहा पंप चालतात. तेच दहा पंप एका क्षणी सुरू झाल्यास मागणी ४०० अँपिअरवर जाते व व्होल्टेज कोसळते. व्होल्टेज ८० टक्के राहिले तर मोटारीचा जोर ६४ टक्केच उरतो. मोटार गती न घेता नुसती घुमते आणि जास्त प्रवाह ओढत राहते. परिणामी फ्यूज उडतो, वाइंडिंग जळते किंवा रोहित्र निकामी होते. मग ज्यांनी ऑटो स्विच लावलेला नाही, त्यांचेही पीक सुकते.

यंत्राकडे काय, माणसाकडे काय?

बिघाड क्षणात होतो. तेवढ्या वेळात माणूस विहिरीवर पोचत नाही. म्हणून पंप बंद करण्याचे काम यंत्रावर सोपवावे. सुरू करण्यापूर्वी मात्र पाहावे लागते : पाणी आहे का, पाइप निसटला आहे का, विहिरीत कोणी उतरले आहे का? ऑटो स्विचला हे दिसत नाही. म्हणून सुरू करण्याचे काम शक्यतो स्वतःकडे ठेवावे.

पुढील काळजी घ्यावी :

१) ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर व पाणी संपताच पंप थांबवणारे ड्राय रन संरक्षण बसवावे.

२) मोटारीच्या क्षमतेनुसार कपॅसिटर बसवावा. त्यामुळे वाहिनीवरील प्रवाह कमी होतो व व्होल्टेज सुधारते.

३) ऑटो स्विच ठेवणे भागच असेल तर विलंबाची सोय असलेला घ्यावा. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी बसून वेळ वाटून घ्यावी : पहिला पंप २ मिनिटांनी, दुसरा ४ मिनिटांनी, याप्रमाणे. मोबाईलवरून पंप सुरू करणाऱ्यांनीही हीच पाळी ठेवावी.

४) कूपनलिकेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसल्यास वीज जाताच परतणाऱ्या पाण्याने पंप उलटा फिरतो. त्याच क्षणी वीज आल्यास शाफ्टला झटका बसतो. तेथे व्हॉल्व्ह व विलंब दोन्ही हवेत.

५) दुरुस्तीपूर्वी वीज गेलेली असली तरी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. ऑटो स्विच असलेल्या पंपावर हे न केल्यास जिवावर बेतू शकते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जेथे दिवसा वीज मिळू लागली आहे, तेथे ऑटो स्विचची मुख्य गरजच उरत नाही. इतरत्र, येत्या पाळीपूर्वी आपल्या डीपीवरील सर्वांनी एकदा एकत्र बसावे. पंप ज्याचा त्याचा असला तरी डीपी सर्वांचा आहे.